फेब्रुवारीचा शिक्का

प्रिय मधुकाका,

साष्टांग नमस्कार. तुम्ही गेल्याला आठ महिने झाले आणि पत्र आज लिहितोय, कारण काल काकींनी तुमची शेड रिकामी करायला बोलावलं होतं. त्या आता केंब्रिजला, लेकीकडे राहायला चालल्यात. शेडमध्ये सगळ्यात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला माझा रेडिएटर सापडला.

माझा कसला! मीच भंगार म्हणून टाकलेला.

तो रविवार आठवतो ना? माझं गॅरेज, एकोणसत्तर सालची माझी अमेरिकन गाडी, बॉनेट उघडं आणि भोवती जुन्या गाड्यांच्या क्लबातले पाच-सहा मित्र. मी सगळ्यांना समजावत होतो की हा रेडिएटर या गाडीचा मूळचा असूच शकत नाही, जाळीच्या पात्यांची घडणच वेगळी आहे. गाड्यांचं जे काही शिकलो ते पुस्तकं वाचून, स्वतःच्या हातांनी. त्यामुळे माझा शब्द शेवटचा, असा माझा समज!

तुम्ही वाकून रेडिएटरच्या बाजूच्या टाकीचा कोपरा नखानं खरवडलात. "संजय, जाळी नंतर बदललीय रे. टाक्या त्याच ठेवून डाख देऊन नवी जाळी बसवतात. आम्ही बसडेपोत हेच करायचो. रंगाखाली तारखेचा शिक्का असेल बघ."

आणि मी काय म्हणालो? "काका, ही कॉव्हेंट्रीची डबल-डेकर नाहीये!"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. "बरोबर आहे बाबा, आम्ही बसवाले." मग म्हणालात, "टाकणार असशील तर मी नेऊ?"

"न्या की. भंगारच आहे."

तुमच्या छोट्या गाडीची मागची सीट पाडून तुम्ही तो एकट्यानं आत सरकवलात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हात द्यायलाही मी पुढे झालो नाही. मित्रांना कार्बोरेटर दाखवत होतो.

पुढे मी अमेरिकेहून दुसरा मागवला. पार्ट नंबर अचूक, जाळी अचूक. क्लबच्या वेबसाइटवर लांबलचक लेख लिहिला, 'मूळ रेडिएटर कसा ओळखावा'. जाळी बघा, असं त्यात ठणकावून सांगितलं. लोक अजून तो वाचतात. त्यावर विसंबून किती जणांनी चांगले रेडिएटर फेकले असतील, कोण जाणे!

आता लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझी गाडी मार्चमध्ये बनली. त्या 'अचूक' रेडिएटरवर मे महिन्याचा शिक्का आहे. गाडीनंतर दोन महिन्यांनी बनलेला भाग गाडीचा मूळचा कसा असेल? बसवतानाच दिसलं होतं मला! शिक्का झाकायला त्यावरून वायरचा जुडगा नेला आणि गप्प बसलो.

चार महिन्यांनी तुमचा व्हॉइस मेसेज आला. "वेळ झाला की ये रे. एक गंमत दाखवायचीये." मला वाटलं, पुन्हा प्रिंटर बिघडला असणार. आलो नाही.

मग एकदम हॉस्पिटलातच भेटलो, द्राक्षं घेऊन. तुम्ही विचारलंत, "गाडी तापते का रे?"

"छे, अजिबात नाही."

खोटं बोललो, काका. ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढतो. तुम्ही नुसतं "हं" केलंत. ओळखलं होतंत का? मग तेव्हा तरी सांगायचं होतंत! दोन शिव्या घालायच्या होत्यात!

काल चादर सोडली. काळ्या रंगाचे सगळे थर निघालेले, पितळ लख्ख. टाकीवर शिक्का स्वच्छ वाचता येत होता. पार्ट नंबर तोच, आणि खाली ६९ बी. एकोणसत्तर, दुसरा महिना. माझ्या गाडीच्या आधी एक महिना, जसा असायला हवा तसा.

वर दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तुमच्या अक्षरात. 'संजयचा. पाणी भरून तपासला, गळत नाही. मागितल्यास देणे. आपणहून सांगू नये.'

काकी म्हणाल्या, "महिनाभर बाथटबमध्ये घासत होते. माझे दोन टूथब्रश संपवले! म्हटलं, अहो, सांगा की त्याला. तर म्हणतात, चारचौघांत बोलून बसलाय तो, त्याला खाली बघायला लावू नये. येईल आपला आपण."

मी आलोच नाही. काकींकडे बघवेना, म्हणून उगाच चादरीची घडी घालत बसलो.

आज सकाळी तो मे महिन्यातला काढला. उद्या तुमचा बसवेन. लेख पुसणार नाही, त्याच्याच डोक्यावर लिहीन, की मी जाळी बघितली, टाकी बघितली नाही. टाकी बघ म्हणणाऱ्या माणसानं तीस वर्षं हेच काम केलं होतं आणि मी त्याला हसण्यावारी नेलं. वायरच्या जुडग्याचंही लिहीन. तिथे हात अडेल, माहितेय मला. पण लिहीन.

तुम्हाला या गाडीतून एकदाही फिरवलं नाही. शनिवारी काकींना केंब्रिजला मीच सोडणार आहे. त्यांनी विचारलं, "पोचवेल ना रे नीट?" म्हटलं, "रेडिएटर काकांनी तपासलाय." वाटेत काट्यावर नजर ठेवीन, आणि काटा वर चढला तरी जिथे असेल तिथेच आहे, असं काकींना सांगेन.

तुमचा,
संजय