पंखावरचं ठिगळ

गुरुवार, दिवेलागण

संस्थान विलीन झालं, दरबारचं जुनं लढाऊ विमान आता अजायबघरात ठेवणार. दुरुस्तीवर आमचा नारायण आहे, त्याने मला पंख शिवायला नेलं. पंख कापडाचा. एवढं धूड कापडावर उडायचं? हात लावला तरी पटेना.

त्यावर एक ठिगळ. वाकडे टाके पाहताच ओळखलं, ह्यांचा हात. जन्मभर दरबारची शिलाई केली, पण टाका कधी सरळ नाही.

नवे साहेब म्हणाले, "अम्माजी, ये निकालो, नया दिखना चाहिए."

मी म्हटलं, "ये लढाई में ऊपर जाके आया है. आप गये थे?"

नारायणाचं तोंड उतरलं. नोकरी अजून कच्ची आहे त्याची. साहेबांनी ठिगळ अंगठ्याने दाबून पाहिलं, म्हणाले, "रहने दो."

वाकडे टाके, आणि ढगात टिकले. टाक्यांवरून मी उगीच बोलायचे ह्यांना.