विहिरीकाठचे फेटेराव

डोंगरकडा,
कार्तिक वद्य षष्ठी, सन १९४१

चि. हरिचंदास शकूताईचे पोटभर आशीर्वाद. आमी इकडं ठीक आहोत, तू नागपुरात ठीक असशील असं धरून चालते. भाऊबीजेला आला न्हाईस ते बरंच केलंस. ओवाळायचं राहिलं तर राहिलं.

कापूस चांगला फुटलाय. संतराम भावजींनी नवा बैल आणला, तो मारका निघाला. म्हस व्याली, टोणगा झाला. झाली खबरबात.

तू लिहितोस, "ताई, दाजींचं नवीन काही धाड, संपादक घाई करून राहिलेत." तुला काय, हात पुढं केला की झालं. लोकांना वाटतं चित्रवाल्याच्या डोक्यात विनोद आपोआप उगवतात. उगवतात कशाचे! मी इकडून दाजींच्या खोड्या धाडते, अन् तू त्यांना फेटेराव नाव देऊन चार चौकटींत कोंबतोस. तुझं काम मला आता पुरं कळून चुकलंय. पहिल्या चौकटीत ऐट, दुसरीत अडचण, तिसरीत फजिती, अन् चौथीत बायकोचा टोला. हे देवळातून एक वहाण स्वतःची अन् एक पाटलाची घालून आले, दोन्ही डाव्या पायाच्या, असं मी लिहिलं. तू पाटील काढून टाकलास, फेटा मोठा केलास. नाक मात्र जसंच्या तसं ठेवलंस.

त्या नाकावरूनच गावानं ओळखलं. शेजारच्या खतीजाबीचा मालक वसमतहून अंक आणतो. ती अंगणातूनच ओरडायची, "शकुबाई, तुमारे मालिक आए देखो!" अन् हे आतून म्हणायचे, "बसायला सांग त्यांना, मी येऊन राहिलो."

आखाडापासून ती ओरडत न्हाई. अंक पदराखालून आणते अन् चुलीजवळ ठेवते.

तू म्हणशील काहून. थांब जरा. मला एका दमात लिहिता येत न्हाई.

आखाडापासून तुला जे धाडलं ते सगळं रचलेलं. बैलानं शेपटीनं फेटा उडवला, ती फजिती भावजींची. दाढी करताना अर्धी मिशी गेली, ती तर कुणाचीच न्हाई. भाकरी थापता थापता मी नुसतं विचारायची, "आता काय केलं असतं हो तुमी?" अन् हे करून दाखवायचे. खरंच सांगते. समोर बसून करून दाखवायचे. मी हसायची अन् तव्यावर भाकरी करपायची. भावजी दारातून पाहायचे अन् माघारी फिरायचे.

परवा नवा अंक आला. खतीजाबीनं माझा हात धरला. "ये हफ्ते का मत देखो, आपा."

मी म्हणले, "आण इकडं. उगं नखरे करू नको."

फेटेरावांची एक वहाण हरवलीय. गावभर विचारत फिरतात. शेवटी एक पाय अनवाणी, विहिरीच्या काठावरून वाकून आत पाहून राहिलेत. अन् मागून बायको म्हणते, "मग उतरा की खाली!"

हे मी लिहिलं नव्हतं, हरिचंद. वहाणा कुठंबी विसरायची खोड मी लिहिली होती. विहीर न्हाई. विहीर तुला कुणी सांगितली?

आखाडात पाऊस लागून राहिला होता. काठाची माती खचली. भावजी धावत गेले तर काठावर एक वहाण पडलेली. दुसरी ह्यांच्या पायातच वर आली.

भावजींनी तुला हे गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड लिहिलं होतं. मी म्हणले, द्या, टपालात मी टाकते. चुलीत टाकलं. तुला कळलं असतं तर तू काढणं बंद केलं असतंस, अन् हे दुसऱ्यांदा गेले असते. अंक येतो तेव्हा एकदा दारातून आत येतात, तेवढंच मला होतं.

त्या दिवशी मी तसं म्हणले न्हाई. काहीच म्हणले न्हाई, दोरीवरची कापडं उचलून राहिले होते. पण आता विहिरीवर गेले की माझाच आवाज ऐकू येतो, "मग उतरा की खाली!" घागर अर्धी घेऊन परतते.

तुझा दोष न्हाई, तुला माहीत नव्हतं. रडत बसू नको. आता तू काढणं थांबवशील, न्हाईतर फेटेरावांना हार घालून काळ्या चौकटीत बसवशील. खबरदार! पुढच्या अंकात त्यांना विहिरीपासून लांब ने. बाजारात ने, लग्नात ने, कुठंबी ने. मी आता रचून धाडणार न्हाई, माझ्यानं होत न्हाई. पुढचं तू बघ.

घाई करू नको. यंदा एक दात पाड. पुढं मिशी पांढरी कर, फेट्याखाली टक्कल येऊ दे. बायकोलाबी कमरेत वाकव जरा. मला त्यांच्यासंगं म्हातारं व्हायचं होतं. इथं न्हाई झालं, तिथं होऊ दे.

वाचून झालं की डोक्यावरून अंघोळ कर अन् पत्र फाडून टाक. रीत आहे.

तुझी बहीण,
गं. भा. शकू.
नावाआधी हे असं आज पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, समजून घे.