कपाट वीतभर पुढे

आप्पा, तुम्ही भिंतीला चिकटवलेलं लोखंडी कपाट मागच्या रविवारी मी वीतभर पुढे ओढलं. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. मागची ओल आता दारातून येणाऱ्या कोणालाही दिसते आणि मी तिच्यावर पडदासुद्धा लावणार नाही.

मला बघायला पाहुणे येणार होते, तो दिवस आठवतो. सकाळी सकाळी तुम्ही शेजाऱ्याला हाताशी घेऊन कपाट ओलीसमोर ढकलताय, मी म्हणतेय की आतले कपडे कुबट होतील, आणि तुम्ही खेकसता, "गप बस! भित्तीच्या ओलीपायी पोरीचं लगीन मोडाय पायजे व्हय?" लग्न तरीही जमलं नाही, त्या पाहुण्यांशी नाही की नंतरच्यांशी नाही. कपाट मात्र तिथंच राहिलं. मला संताप कशाचा येतो सांगू? शिरोलीच्या फौंड्रीत तुमचा डबा घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही साच्याची माती मुठीत दाबून दाखवायचात. "ओल जास्त झाली की कास्टिंगात, ओतलेल्या लोखंडात, फुगं धरत्यात. वरनं कितीबी झाका, कळतंयच." ओलीची तुमच्याइतकी पारख अख्ख्या खात्यात कुणाला नव्हती म्हणे. आणि घरी?

त्या खोलीत आता आई झोपते. झोपायची कसली, उशीला टेकून रात्रभर श्वास ओढत बसायची. डॉक्टर म्हणाले, आधी खोलीतली बुरशी काढा, मग माझी औषधं. गवंड्यानं सांगितलेला खर्च ऐकून मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि स्वतःच गच्चीवर चढले. गच्चीचं पाणी पाइपातून थेट त्याच भिंतीवर पडत होतं. दोन फूट पाइप जोडून ते गटारीकडे वळवलं. एवढंच होतं हो आप्पा! मग तोंडाला रुमाल बांधून सोड्याच्या पाण्यानं मागची भिंत आणि कपाट पुसलं, दारं उघडी टाकून दिवसभर पंखा लावला. आता खालच्या कप्प्यात जुन्या मोज्यात भरलेला कोळसा आहे, वर चाळणीत खडे मीठ आणि चाळणीखाली वाटी. चार दिवसांत वाटीत पाणी साठतं, ते मी ओतून टाकते. आई खाटेवरून ओरडत होती, "तेनी ठेवलंय तितंच ऱ्हाऊ दे की! आल्यागेल्यानं बघितलं तर काय म्हणतील?" मीही आवाज चढवला, "म्हणू देत! श्वास त्यांचा न्हाय, तुझा अडकतोय."

गेले तीन दिवस ती आडवी होऊन झोपते. म्हणून जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आणि हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणूनच ते लिहिता येतंय. कपाटात तुमचा लोकरीचा कोट होता. तुम्ही गेल्यापासून आई तो रोज काढायची, तोंडाशी धरायची, परत ठेवायची. अस्तरापर्यंत बुरशी गेली होती. दोनदा धुतला, उन्हात घातला, निघेना. घंटागाडी आली तेव्हा मी तो टाकून दिला. आईला सांगितलं, ड्रायक्लीनला दिलाय. ती रोज विचारते, "अजून आला न्हाय व्हय गं?" आणि मी रोज म्हणते, उद्या येईल.