भच्या पुढे

८ जानेवारी, बुधवार

बाईंनी शाळेत बोलावलं होतं. त्या बुटक्या बाकावर बसलो तर गुडघे हनुवटीला लागायची वेळ. बाई म्हणाल्या, भिंगरी हुशार आहे, पण वाचायला दिलं की मध्येच तोंड मिटते. 'कपाट' घडाघडा वाचते. 'घर' दिलं की 'घ' म्हणते आणि थांबते. मी म्हटलं, बरोबर आहे, तिच्या आईने भपर्यंतच शिकवलंय. बाई म्हणाल्या, परीक्षेपर्यंत पुढची अक्षरं आली नाहीत तर तिला याच वर्गात ठेवावं लागेल. आमचं ती ऐकत नाही, तुम्हीच बघा काहीतरी.

जणू माझं ऐकते!

९ जानेवारी

तिच्या आईची पद्धत लिहून ठेवतो, नाहीतर मीही विसरेन. दर रविवारी एक अक्षर. पुस्तकातलं चित्र नको, घरातलंच काहीतरी हवं. क कुलपाचा, कारण आमचं कुलूप रोज अडकतं. ख खिळ्याचा. घ घोरण्याचा — म्हणजे माझा! ट टकलाचा — तोही माझाच! पोरीचा तळहात ती स्वतःच्या तोंडासमोर धरायची. आता क म्हणते, वारा लागला? नाही ना? आता ख म्हणते हं. ख म्हटला की हातावर वारा यायचा आणि भिंगरी गुदगुल्या झाल्यासारखी खिदळायची.

भ भांडणाचा. त्या दिवशी पडद्यांच्या रंगावरून आमचं वाजलं होतं, तेच उदाहरण म्हणून कामाला आलं. पुढच्या रविवारी म होणार होता. पुढच्या रविवारी आम्ही हॉस्पिटलात होतो. तिथून ती घरी परत आलीच नाही.

१२ जानेवारी, रविवार

मी शिकवायला बसलो. म मैद्याचा, असं ठरवूनच ठेवलं होतं. बेकरीतून आलो की माझ्या कोपरापर्यंत मैदाच असतो. भिंगरीने ऐकून घेतलं. हात धरायला गेलो तर दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात! "ते आईचं आहे," म्हणाली. मी म्हटलं, अगं, आई आता — माझी ताई स्वयंपाकघरातून आली आणि तिला वेणी घालायला घेऊन गेली. पोर रडली नाही. मी रडलो, न्हाणीघरात नळ सोडून.

१३ जानेवारी

एक अख्खा ट्रे करपवला. मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

१७ जानेवारी

उरलेल्या पिठाचा म वळला, भाजला, वर साखर लावली. घरी आणून भिंगरीसमोर ठेवला. तिने साखर तेवढी चाटली आणि म तसाच ठेवला. ताई म्हणाली, लेकराला अक्षर शिकवतोयस की उंदराला पिंजरा लावतोयस? मोठी बहीण आहे, तिला काय बोलणार! भिंगरीची आई गेली तशी ती आमच्याकडेच आहे. ती नसती तर आमचं दोघांचं काय झालं असतं, विचारही करवत नाही.

नंतर ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, पोर आईची वाट बघतेय. आई येईल आणि पुढचं शिकवेल, असं धरून बसलीय. तू ती वाट बंद करतोस म्हणून रुसते.

पटलं मला.

१८ जानेवारी

धीर करून विचारलं. आई परत येणार नाही हे माहीत आहे ना तुला? "माहीत आहे," म्हणाली. मीच जरा कमी हुशार असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग का गं शिकत नाहीस? ती वेणीचं टोक चावत बसली. म्हणजे ताईचंही चुकलं. घोडं नेमकं कुठे अडलंय तेच कळेना.

२४ जानेवारी

दवाखान्याची पाटी तिने आज 'द खाना' अशी वाचली. मला हसू फुटलं. तीही हसली. दोघं रस्त्यात उभे राहून हसत होतो. मग एकदम तिच्या आईची आठवण आली, हे ऐकायला ती हवी होती.

२ फेब्रुवारी, रविवार

सुचलं! भट्टीच्या तोंडाशी ट्रे अडकला की मी तो पुढे रेटत नाही. पुरता मागे घेतो आणि एका झटक्यात आत सारतो. मी मपासून सुरुवात करत होतो, इथेच चुकत होतं. कपासून निघायचं. वेग आला की भवरून आपोआप मवर जाईल!

दुपारी लगेच बसलो. क कुलपाचा, ख खिळ्याचा, सगळं तिच्या आईसारखंच, शब्दन् शब्द. तळहात माझ्या तोंडासमोर धरला. भिंगरीने हात ओढून घेतला आणि कान झाकले. मी हळूच तिचे हात खाली घेतले. जोरजबरदस्ती नाही केली. पण सोडलंही नाही.

६ फेब्रुवारी

रोज कपासून भपर्यंत. मी मोठ्याने म्हणतो, टाळ्या वाजवतो. शेजारच्यांचीही मुळाक्षरं पक्की होणार बहुतेक! आज तिने कान झाकले नाहीत.

११ फेब्रुवारी

झालं!! भ भांडणाचा — आणि न थांबता, स्वतःहून, म मैद्याचा! ताई दारात उभी होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, जिंकलास रे बाबा.

२० फेब्रुवारी

एकदा बांध फुटला तो फुटलाच. य, र, ल, व — सगळी आली. र कशाचा म्हणून मी डोकं खाजवत होतो, तर भिंगरीच म्हणाली, र रडण्याचा. चालेल म्हटलं. पहाटे कामाला निघताना पाय हलके वाटतात. फार दिवसांनी.

४ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली. अख्खा धडा वाचला, कुठेही न अडता. बाई म्हणाल्या, काय जादू केलीत हो? मी म्हटलं, काही नाही, अगदी पहिल्यापासून घेतलं सगळं. छाती अशी फुगली होती! आता पुढच्या वर्गात जाणार.

घरी आल्यावर तिच्या फोटोसमोर उभा राहिलो. म्हटलं, तुझं राहिलेलं काम झालं गं. निवांत राहा आता.

५ मार्च

दुपारी कामावरून आलो तर भिंगरी जुनं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेली. ओठ मिटून 'कपाट', 'ताट', 'बदक' असले सोपे शब्द पुन्हापुन्हा बघत होती. मी म्हटलं, अगं, हे तर तुला केव्हाचंच येतं.

"मनात वाचलं की आधी आईचा आवाज यायचा," ती म्हणाली. "भपर्यंत यायचा. आता सगळीकडे तुझाच येतो."

मग हात पुढे केला, माझ्या तोंडासमोर. "आई ख कसा म्हणायची? म्हणून दाखव ना, बाबा."

मी म्हटलं. माझाच आवाज आला.