मामीचं चित्र ठेवण्याबाबत

तीर्थस्वरूप मामांस,

थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकणं कमरेने परवानगी दिली तेवढंच झालं आहे, गोड मानून घ्यावं.) घोटा कसा आहे? गेल्या फोनच्या वेळी तो सुजला होता, त्याआधीच्या फोनला तुमच्याकडे नळवाला येणार होता, आणि त्याच्याही आधी तुम्हाला नुसतंच बरं वाटत नव्हतं. आता घोटा, नळ आणि तुम्ही, तिघेही ठणठणीत असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. तुमचे जावई नेहमीप्रमाणे कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या खड्ड्यात असतात आणि मी रंगात. बोलताना मी तुम्हाला सरळ अरेतुरे करते, पण कागद समोर आला की पेन आपण होऊन ‘तुम्ही’ म्हणायला लागतं, त्यावरून काही मागायला लिहिलंय असा संशय घेऊ नका. पत्राआधी तुम्ही पाकीट वाचलं असणारच: तिकीट सरळ आहे का, पत्ता सुटा लिहिलाय का, डिंक बाहेर आलाय का. चौतीस वर्षं पार्सल खात्यात काढलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे पाकीट तीनदा बदलावं लागतं.

मी लिहायला बसले आहे ते मामीच्या चित्राबद्दल. पण त्या विषयावर एकदम येण्याचं माझं धाडस नाही, म्हणून जरा लांबून येते. तुम्ही खुर्चीत नीट बसा, चष्मा पुसून घ्या.

मी इंटरनेटवर चित्रं विकते हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पण ते तुमच्यापर्यंत धड पोचलं नसावं. कारण मी म्हटलं, आज तीन पोस्ट टाकल्या, तर तुम्ही विचारलंत, साध्या की रजिस्टर? मी म्हटलं, एकशे बारा लोकांनी पाहिल्या, तर तुम्ही हादरलात, आणि वाटेत इतक्या जणांनी फोडून पाहिल्या असतील तर लेखी तक्रार कर, मजकूर मी सांगतो, म्हणालात. तेव्हा पहिल्यापासून लिहिते. इतकी वर्षं माझी चित्रं कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याच्या भिंतीवर टांगलेली असायची. लोक आपापल्या फोटोंना फ्रेम करून घ्यायला यायचे, तो तासन्‌तास लावायचा, आणि बसून बसून कंटाळलेल्यांपैकी एखादा माझं चित्र विकत घ्यायचा. (माझी सगळी कारकीर्द त्या माणसाच्या संथपणावर उभी होती.) त्याने दुकान बंद केलं, माझी एकोणीस चित्रं जुन्या चादरीत गुंडाळून हातात दिली आणि म्हणाला, ताई, आता तुम्ही ऑनलाइन जा. तो असं म्हणाला की मला वाटलं, चौकातून डावीकडे वळलं की लागेल.

आपल्या घराण्यात या विषयातली अधिकारी व्यक्ती म्हणजे माझी भावजय. ती घरी साबण करते आणि ऑनलाइन विकते. तिने मला समोर बसवून सांगितलं की लोकांना चित्र नको असतं, चित्रामागची गोष्ट हवी असते. मी दोन दिवस डोकं खाजवलं. माझ्या वांग्यांच्या चित्रामागे काय गोष्ट असणार? वांगी आणली, रंगवली, संध्याकाळी भाजी केली. तेच लिहिलं, तर एका बाईंनी चित्राबद्दल चकार शब्द न काढता भाजीची कृती मागितली. मग चित्रांचे फोटो. उजेड चांगला फक्त आमच्या जिन्याच्या वळणावर येतो, म्हणून एकोणीस चित्रं घेऊन मी तिथे ठाण मांडलं, मागे घरातला जुना पिवळा पडदा लावला. जाणाऱ्या-येणाऱ्यांची कोपरं टाळता टाळता दुपार गेली. फोटो टाकले आणि अर्ध्या तासात फोन टुंग टुंग वाजायला लागला. मला भरून आलं. उघडून बघते तर अकरा लोकांनी पडदा कुठे मिळेल म्हणून विचारलेलं. पुढे भावजयीच्या हुकमावरून चित्र काढतानाचा व्हिडिओ केला, तिने तो पळवून एका मिनिटाचा केला, आणि त्यात मला कळलं की मी काम करताना दर दोन फटकाऱ्यांमागे नाक खाजवते. साध्या वेगात ते कुणाच्या लक्षात येत नसेल, पण पळवल्यावर ब्रशपेक्षा नाकच जास्त रंगात आलेलं दिसत होतं. खाली एकाने फार काळजीने लिहिलं होतं, काकूंना वाफ घ्यायला सांगा.

तेव्हा कुठे तुमच्या जावयांना माझी दया आली. ते म्हणाले, तू चित्रं काढ, दुकान मी बघतो. ऑनलाइन दुकान म्हणजे दर चित्राचा फोटो, नाव आणि खाली चार ओळी वर्णन. हे वर्णन त्यांनी आपल्या अंगावर घेतलं आणि तीस वर्षं लिफ्ट तपासून जसा शेरा मारतात तसा दर चित्रावर मारला. माझ्या ‘दुपार’ या चित्राखाली लिहिलं: ‘खोली एक. खिडकी एक. काच शाबूत. खोलीत कुणी नाही.’ समुद्राच्या चित्राखाली: ‘पाणी डाव्या बाजूने भरते. उजवी बाजू कोरडी.’ मी कपाळाला हात लावला. पण मामा, गंमत बघा, लोकांना ते आवडायला लागलं! माझ्या चित्रांपेक्षा त्यांच्या शेऱ्यांचे चाहते जास्त झाले. एका माणसाने तर चित्र परवडत नाही, नुसतं वर्णन फ्रेम करून मिळेल का, असं विचारलं. जावईबापू आठवडाभर घरात जरा ताठ चालत होते.

पहिलं चित्र विकलं गेलं ते हे समुद्राचंच. (उजवी बाजू कोरडी असल्याची खात्री पटल्यामुळे असेल.) पार्सल मी स्वतः बांधलं. तुम्ही लहानपणी शिकवलेली गाठ आठवायचा खूप प्रयत्न केला, आधी उभा वेढा की आधी आडवा, यावर आमचं घरात भांडण झालं, शेवटी चिकटपट्टीचं अख्खं रीळ गुंडाळून ते गाठोडं रवाना केलं. घेणाऱ्या गृहस्थांचं उत्तर इतकं सभ्य होतं की मला आजही ते आठवलं की लाज वाटते. त्यांनी विचारलं होतं, कलाकृती मुळातच दोन भागांत आहे का?

आता मात्र मला मुद्द्यावर यायलाच हवं.

मामीचं चित्र पूर्ण झालं त्याला आठ महिने झाले. ते अर्धं असताना तुम्ही पाहिलंत, शेवटचे आलात तेव्हा. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली आहे, मांडीवर सुतळीचा गुंडा, हातात कुठल्याशा पार्सलवरून निघालेला तुकडा आणि ती नखांनी त्याची गाठ सोडवते आहे. तिने जन्मात कधी गाठ कापली नाही. आम्ही मुलं कात्री घेऊन धावायचो, तर ती कात्रीवर बसायची. तुम्ही ऑफिसात दिवसभर गाठी मारायच्या आणि तिने घरी बसून सोडवायच्या, असा तुमचा संसार झाला. चित्र बघून तुम्ही निघालात. मग चपला घालता घालता म्हणालात, झालं की ठेव माझ्यासाठी. चित्र झालं. तुम्ही न्यायला येणार होतात. मग नळवाला आला, मग घोटा आला.

दरम्यान जावईबापू एका रविवारी राहिलेली चित्रं दुकानात चढवत होते. मी आत हात धूत होते. त्यांनी बाहेरून ओरडून विचारलं, मामींच्या चित्राचं काय करू? आणि मी आतून ओरडले, ते ठेव! आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा? तुम्ही म्हणालात ‘ठेव’, तेव्हा मला कळलं, जपून ठेव. मी म्हणाले ‘ठेव’, तेव्हा त्यांना कळलं, दुकानात ठेव. दिवसभर दुसरं काय करत होते ते, एकेक चित्र उचलून दुकानातच तर ठेवत होते! एवढ्या मोठ्या भाषेत उचलून बाजूला ठेवायला आणि उचलून मांडून ठेवायला आपल्याकडे एकच शब्द असावा, याचा जाब मी कुणाला विचारू? खाली त्यांनी शेरा लिहिला: ‘बाई एक. सुतळीची गाठ सोडवत आहे. गाठ अजून सुटलेली नाही. काम चालू.’

आणि ते विकलं गेलं, मामा.

घेतलंय एका निवृत्त नर्सबाईंनी, दूरच्या गावी राहतात. मी लगेच त्यांना लिहिलं की चूक झाली, हे चित्र दुसऱ्याची ठेव आहे, पैसे परत करते. त्यांनी रागावायला हवं होतं. त्याऐवजी उत्तर आलं की त्यांनी हयातभर लोकांचे टाके काढले, घाईघाईने कापणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण इतक्या निवांतपणे सोडवणारे हात पहिल्यांदाच पाहिले, म्हणून ते रोज समोर असावेत असं वाटलं. आणि पुढे लिहिलं होतं की ज्यांची ठेव आहे त्यांना विचारा, ते नाही म्हणाले तर नाही, मी थांबते. ते वाचून मी रंगाचे हात डोळ्यांना लावून बसले आणि संध्याकाळपर्यंत एक डोळा निळा घेऊन फिरले.

तर अशी हकिकत. बाकी विशेष काही नाही. घोट्याला शेक द्या, नळ नीट बंद करत जा. जावयांचा नमस्कार. (ते अपराधी चेहऱ्याने दाराशी उभे आहेत, त्यांना दोन शब्द प्रेमाचे लिहा.)

तुमची,
रंगात बरबटलेली भाची

ता.क. पत्र परत वाचल्यावर लक्षात आलं की काय हवंय तेच लिहिलं नाही. तुम्ही यायला हवं. चित्र जाऊ द्यायचं की नाही, हे फोनवर ठरवायचं नाही, त्याच्यासमोर उभं राहून ठरवायचं. नाही म्हणालात तर घेऊन जा, मी फ्रेम करून ठेवली आहे. जाऊ दे म्हणालात, तर पार्सल तुम्ही बांधायचं. माझ्या हाताने गेलं तर मामी दोन भागांत पोचेल.

आणखी ता.क. गाठ मात्र सुटेल अशी मारा. नर्सबाई कापणार नाहीत, पण त्यांनाही थोडं काम हवं.

शेवटचा ता.क. हा जावयांना दाखवलेला नाही. ‘ठेव’चा घोटाळा झाला हे अगदी खरं. पण तो माझ्या लक्षात सोमवारीच आला होता आणि चित्र विकलं गेलं गुरुवारी. सोमवारी मी ते दुकानात पाहिलं, काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. वाटलं, माझ्यासाठी येत नाहीस, चित्रासाठीही येत नाहीस, पण मामीला कुणी परकं घेऊन चाललंय म्हटल्यावर तरी दार उघडून बाहेर पडशील. चूक जावयांची नाही, माझी आहे. रागाव, पण इथे येऊन रागाव. तू आल्याशिवाय मी ते बांधायला काढणार नाही. आणि मामा, सुतळी विकत आणू नकोस. तुझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला मामीचा गुंडा अजून तसाच टांगलेला आहे, ती गेल्यापासून तू त्याला हात लावला नाहीस, हे मला माहीत आहे. येताना तो घेऊन ये.