केसांनी भरलेल्या दोन ओळी

ता. ३ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझ्या प्रदर्शनातल्या हाराचा फोटो मिळाला आणि माझी झोप उडाली. तू आईचे कंगव्यातले केस मागितलेस, मी मुकाट्याने पाठवले. त्या केसांनी चांदीच्या जाळीवर माझीच कविता भरशील, हे स्वप्नातही नव्हतं. आणि शोधून शोधून ओळी कोणत्या सापडल्या? ‘तुझी वेणी घालता घालता, आई, माझी सकाळ निघून गेली.’ सोळाव्या वर्षी रागाने खरडलेल्या ओळी त्या! तेव्हा आईचा खांदा आखडला, हात डोक्यापर्यंत जाईना, आणि वेणी माझ्या गळ्यात पडली ती आजतागायत. हे वाचल्यावर ती माझ्यापुढे केस सोडून बसेल का गं? फोटो गादीखाली दडवलाय. हार झाला का म्हणून ती रोज विचारते, मी थापा मारते. केसाने गळा कापलास. ओळी उसव.

राग ओसरला की लोभ आहेच.

तुझी ताई


ता. ७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

एक अक्षर उसवून पाहिलं, केस तटातट तुटले. प्रदर्शन रविवारी. पण खरं सांगू? मला उसवायचंच नाही. आपल्या घरात इतकं खरं कुणी बोललंच नव्हतं. तू वेणी घालत बसायचीस आणि मी दप्तर घेऊन खुशाल पळायचे, हे मला आता हार करताना टोचलं. आणखी एक आगाऊपणा झालाय. आईला वेगळं आमंत्रण धाडलंय, फोटोसकट. पोस्टमनला गाठ. हवं तर शिव्या घाल, पण लगेच लिही.

कान पिळ, पण माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी


ता. १० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन ताईच्या आधी मला भेटला. ओळी वाचल्या आणि दोन दिवस कशात लक्ष लागेना. खोटं काय आहे त्यात? तिला वेणी घालायला आवडतं असंच मी धरून चालले, विचारलं कधीच नाही. आज ती बाजारात गेल्यावर कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला बोलावलं आणि केस मानेच्या वर कापून घेतले. आता डाव्या हाताने माझा मला कंगवा फिरवता येतो. ताई आल्यावर घर डोक्यावर घेईल. तू मध्ये पडू नकोस.

रविवारी येते. हार काचेत ठेवू नकोस आणि एकही अक्षर बदलू नकोस. तो मी घालणार आहे. मान मोकळी झालीय, लोकांना नीट वाचता येईल.

जिन्यावर तिची पावलं वाजतायत. दोघी एकमेकींना धरून राहा.

तुझी आई