वेशीखालचं मडकं

४ तारीख, सोमवार

आज खणताना जुन्या वेशीखाली मडकं निघालं. वीतभर उंच, तोंड मातीनं बंद. बाई म्हणाल्या — त्या ह्या उत्खननाच्या मुख्य — दगडावर कोरलंय म्हणे, राजा नवी वेस बांधली की तिच्याखाली तान्हं मूल पुरायचा. वेस पडू नये म्हणून!

चिमणीला झोळीतून काढून घट्ट धरलं. आठ महिन्यांची माझी.

५ तारीख

घात झाला.

मडकं माझ्या टोपलीत आलं. वर चिठ्ठी — धुऊनये. अक्षरं सगळी चिकटून. मी वाचलं, धुऊन ये. रोज खापरं धुते, तसं हेही नळाखाली धरलं. माती गेली वाहून. हातात हाडं आली, काडीएवढाली. आणि एक तांब्याचं कडं, माझी दोन बोटं जेमतेम जातील एवढं. चिमणीवर घालते तसंच पाणी घातलं मी त्याच्यावर!

शेजारी धुणारी मावशी ओरडली, "अगं बये, धुऊ नये होतं ते! शाळेत काय माश्या मारल्यास?" मग हळूच, "गप्प राहा. मी काही बघितलं नाही."

बाई शनिवारपर्यंत नाहीत.

६ तारीख

चिमणीचं अंग तापलंय. दात येत असतील. दातच असतील.

८ तारीख

मावशी म्हणे, "हिसकून नेलेलं लेकरू ते. जोडीदार शोधतं हो!" मी रडायला लागले तशी म्हणाली, "थट्टा गं, वेडाबाई."

थट्टा कसली. खोलीवर आलं की बोलायला भिंती. ह्यांना फोन लावला, उचलला नाही. लांबच्या कामावर गेल्यापासून असंच.

त्या आईचंच डोक्यात येतं. रोज त्याच वेशीतून जात असेल. पाय कुठे ठेवत असेल?

९ तारीख, शनिवार

ताप उतरला. तरी सांगून टाकलं बाईंना.

"त्या मातीतच सगळं होतं गं," म्हणाल्या. "काय पाजलं, कसं मारलं. आता कशावरून सांगू मी?" ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. हाडं घेऊन गेल्या. "तुझं सोमवारी बघू."

काम गेलं तर? तान्ह्या पोरीसकट कोण ठेवून घेतंय?

११ तारीख

बाईंनी हाडं पांढऱ्या कापडावर मांडली होती. म्हणाल्या, मातीत दिसली असती तर मीही बाळच धरून चालले असते. बाळ नाही ते. शेळीचं करडू आहे! बाळाचं कडं घालून पुरलेलं.

माझं काय ठरलं ते विचारायचं राहूनच गेलं.

राजाला फसवलं त्या आईनं. आणि लेकरू घेऊन कुठे लपली असेल? कुणाला सांगताही आलं नसेल तिला.